'शिळे पाव लाल रंग लावून विकतात' या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय वाचला. आपल्याला आणि वहिनींना त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काउंटरवरची मुलगी हसली तेही चुकलंच. ती माझ्या बायकोची भाची, एकोणीस वर्षांची आहे. तिला समज दिली आहे.

आता बाकीचं. आपण लिहिलंय: "शिळे पाव लाल रंग लावून नवीन म्हणून खपवतात. स्वतः डोळ्यांनी पाहिलं. मालक मराठी म्हणून विश्वासाने गेलो होतो. पांदेसाल दगडासारखे. जाऊ नका." आणि एक स्टार. (पांदेसाल म्हणजे इथला रोजचा छोटा पाव.) आमच्या या चिमुकल्या बेकरीबद्दल आजवर अकरा जणांनी लिहिलं होतं आणि आकडा ४.८ होता. आपल्यानंतर तो ४.५ झालाय. फिलिपिन्समधल्या या दावाव शहरात एमबीबीएसला येणाऱ्या पोरांचे आईवडील इथे उतरायच्या आधी मोबाइलवर हेच बघतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण पाहिलंत ते खरं आहे. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि माझी बायको आदल्या दिवशीचे पाव परातीत कुस्करत होती. ते आम्ही कधी लपवत नाही. पण साहेब, तो पदार्थच तसा आहे. आपण घेतलात तो पान दे रेग्ला, त्याच्या आतलं लाल सारण उरलेल्या पावाचंच करतात. फिलिपिन्समध्ये कुठल्याही गल्लीतल्या जुन्या पानादेरियात, म्हणजे बेकरीत, विचारा. पाव कुस्करायचा, दुधात भिजवायचा, साखर, मार्गारीन, थोडं पीठ आणि लाल रंग घालून मंद आचेवर घोटायचं. वडीचं मिश्रण कसं कडा सोडतं, तसं कढई सोडेपर्यंत. गार झालं की पहाटे मळलेल्या ताज्या कणकेत भरायचं, वळायचं, भाजायचं आणि मग काप करायचे. बाहेरचा पाव त्या दिवशीचा, भाजणं त्या दिवशीचं. आपण घेतलेले सहा काप सकाळी साडेनऊला भट्टीतून निघाले होते. आपल्या घरी रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी होते. ती पाहुण्यांपुढे ठेवली तर शिळं खपवलं असं कुणी म्हणतं का? माझी आजी भाकरीचा कुस्करा ताकात कालवून द्यायची, आम्ही भांडून खायचो.

आणि आता उघड सांगायचंच तर सगळंच सांगतो. पांदेसालवर जो भुगा लागलेला असतो, तोही वाळवलेल्या पावाचाच. स्पॅनिश ब्रेडच्या आत लोणी-साखरेबरोबर असतो तोही पावाचाच चुरा. (बायको म्हणते हे लिहू नकोस. पण लिहिलं.) या देशात गहू पिकत नाही. जो येतो तो जहाजातून, मुख्यतः अमेरिकेतून. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि मैद्याचे भाव चढले, तेव्हा इथल्या बेकऱ्यांनी पांदेसालचा भाव वाढवण्याऐवजी पावच लहान केला. पाच पेसोचा सहा झाला तर गिऱ्हाईक भांडतं, लहान झाला तर नुसतं नाक मुरडतं. अशा ठिकाणी पाव टाकून देणं कुणाला परवडेल?

भाची का हसली तेही सांगतो, म्हणजे तिने आपली टिंगल केली असं राहायला नको. आपण तिला "रेग्ला म्हणजे काय?" असं विचारलंत. रेग्ला म्हणजे बायकांची पाळी. आतल्या लाल रंगावरून पडलेलं चावट नाव आहे. तेच आता सगळीकडे रूढ झालंय. यालाच कुणी कालिहिम म्हणतं, कुणी पान दे पुला, कुणी लिपस्टिक ब्रेड. एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला ती हे कसं सांगणार? लाजली आणि फिस्सकन हसली. मी तेव्हा आत ट्रे काढत होतो, नाहीतर मीच काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली असती. आता पाटीवर 'कालिहिम' लिहायचा विचार आहे.

पांदेसाल दगडासारखे होते म्हणता. साहेब, आपण आलात पावणेबाराला. आम्ही रात्री दोनला उठतो. कणीक फुगते, तिच्या लांब वळकट्या करायच्या, पत्र्याच्या कातणीने तुकडे पाडायचे, भुग्यात लोळवायचे, परत फुगवायचे. साडेचारला पहिली खेप निघते आणि साडेसातपर्यंत संपते. शाळेची मुलं, रात्रपाळीचे पहारेकरी, मोटारसायकलवाले, आणि आपल्याच लातूर-नांदेडची पोरं वर्गाला जाता जाता दहा-दहा घेऊन जातात. इथली माणसं हा पाव कॉफीत बुडवतात, आपली चहात. दुसरी खेप दुपारी तीनला, मेरिएन्दाच्या म्हणजे मधल्या खाण्याच्या वेळेला. दुपारी पावणेबाराला जे टोपलीत असतं ते सकाळचं उरलेलं. भाचीने आपल्याला "तीनला या" असं इंग्रजीत सांगितलं होतं, हे ती शपथेवर सांगते. तरी आपण टोपलीतले चार पाव एकेक उचलून अंगठ्याने दाबून पाहिलेत आणि परत ठेवलेत. ते आम्ही विकले नाहीत. दुपारी घरच्यांनीच कॉफीत बुडवून खाल्ले. दात शाबूत आहेत.

मी गुहागरजवळचा. बोटीवर बारा वर्षं गॅलीत, म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, काढली. सोबतचे निम्म्याहून अधिक फिलिपिनो होते. पाव मळायला त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या कुकने शिकवलं. बायको इथली, परवानाही तिच्याच नावावर आहे. मराठी माणूस म्हणून विश्वासाने आलात, मग हेही आठवा की होपियाचं (गोड सारणाच्या खुसखुशीत पेस्ट्रीचं) पाकीट वहिनींनी हातात घेतलं, तेव्हा मी आतून ओरडून म्हटलं, "ते नको, बाबोय आहे." बाबोय म्हणजे डुक्कर. आत नुसता पाकवलेला कोहळा असतो, पण डुकराच्या चरबीतला. शाकाहारी माणसाला ते चवीवरून कळलंही नसतं. मला खपवायचंच असतं तर ते खपवलं असतं. त्याऐवजी मी मुगाचा होपिया दिला. त्याच्याबद्दल आपण एक अक्षर लिहिलं नाहीत. निम्मं पाकीट दुकानातच संपलं होतं, ते मी पाहिलंय.

एन्सायमादावरचा (मऊ गोड पावावरचा) जांभळा थर "केमिकल" वाटला, असंही एका ओळीत आहे. तो उबेचा. उबे म्हणजे आपलं कोनफळ, उंधियूत घालतो तेच. उकडून, किसून, दूध-साखरेत दीड तास घोटावं लागतं, हात भरून येतो. रंग उठावा म्हणून थोडं इसेन्सही घालतो, हे खरं आहे, ते नाकारत नाही.

सुधारणा म्हणाल तर मागच्या दाराला पडदा लावायचं बघतो. म्हणजे लपवण्यासाठी नाही, माश्यांसाठी, तो आधीच लावायचा होता. पाव निघण्याच्या वेळा मराठीत लिहून काचेवर चिकटवू. चिमटाही ठेवू, म्हणजे हात लावायची वेळच येणार नाही. आणखीही काही काही करायचं डोक्यात आहे, हळूहळू करू.

आपला अभिप्राय काढा असं मी म्हणणार नाही, तो आपला अधिकार आहे. फक्त 'शिळे' हा शब्द तेवढा बदलता आला तर बघा. आपण नाशिकला परत जाल, मला रोज पहाटे साडेचारला हेच शटर उघडायचंय.

सहा कापांचे साठ पेसो बायकोने पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत. मी नको म्हणत होतो, ती ऐकत नाही. आपली कन्या इथेच आहे, तिने कधीही येऊन घेऊन जावेत. पाकिटावर नाव घातलेलं नाही, 'लाल पाव' एवढंच लिहिलंय. तीननंतर आली तर गरम पांदेसालही मिळतील.