दाढ, त्रिफळा आणि आत्याबाई

तर्री पोह्यातल्या एका चण्याने माझी दाढ फोडली. सावजीतलं हाडूक असतं तर चार लोकांत सांगता तरी आलं असतं!

त्यात नागपूरचा मे महिना. पारा 45 वर आणि माठातल्या पाण्याचा घोट घेतला की कळ थेट कानात. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी लवंग दिली, दुसऱ्या दिवशी कडुनिंबाची काडी, तिसऱ्या दिवशी खास इतवारीतून आणलेल्या त्रिफळ्याचा काढा. "गुळण्या कर. डॉक्टरले पैसे काऊन देऊन राहिला?" तोंडाला काष्ठौषधींच्या दुकानाचा वास आला, ठणका मात्र जागचा हलला नाही.

शेवटी रूट कॅनॉल. खुर्चीत आडवा पडल्यावर मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "दाढ आतून कशाने धुणार जी?"

"सोडियम हायपोक्लोराइट. कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं ना, तेच."

मी उठून बसलो. "त्रिफळा नाही का चालणार?"

मला वाटलं, मॅडम हसतील. पण त्या खुलल्याच. त्रिफळा, कडुनिंब, ग्रीन टी, नोनीचा रस, मधमाश्यांचं प्रोपोलिस (पोळ्यातला डिंक), सगळ्यांवर म्हणे प्रयोग झालेत. एन्टेरोकॉकस फीकॅलिस नावाचा एक जंतू असतो. सीताबर्डीतल्या पागडीवाल्या भाडेकरूसारखा, एकदा शिरला की निघता निघत नाही. प्रयोगशाळेत या वनस्पतींनी त्यालाही मारून दाखवलंय. "पण जंतू मारणं वेगळं आणि आत कुजलेली नस विरघळवणं वेगळं. त्या दुसऱ्या कामाला हेच लागतं." एवढं बोलून त्यांनी दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, ब्लीच घशात उतरू नये म्हणून. पुढचा तासभर माझ्या सगळ्या शंका "आँ" एवढ्याच निघाल्या.

तात्पुरतं सिमेंट भरून घरी आलो. आत्याबाईंनी दारातच नाक फुगवलं.

"लवंग!"

होतीच. सिमेंटात युजेनॉल होतं, लवंगेच्या तेलाचा मुख्य अंश.

"एवढे पैसे मोजून लवंगच लावून आला ना बे? मंग मी तीन दिवसांपासून काय सांगून राहिली होती?"

पुढच्या खेपेला दाढेच्या साफ केलेल्या नळीत गटापर्चा भरणार आहेत. तोही एका झाडाचा चीक असतो, हे मी घरी सांगितलेलं नाही.