खुलासा : एफआयआर नसला तरी तिला तपासायचंच

आशाताई आणि नर्सताईंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरतोय : ‘नवऱ्याने मारलेल्या बाईला एफआयआर असल्याशिवाय तपासू नका, कुणाला कळवलंत तर केस तुमच्यावरच होईल.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ७ नुसार, तिने मदत मागितली की दवाखान्याने उपचार द्यायलाच हवेत. घटना अहवाल (हिंसाचाराची नोंद करणारा, या कायद्यातला ठरावीक फॉर्म; हा एफआयआर नव्हे) आधी नोंदवलेला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही, हे याच कायद्याच्या २००६ च्या नियमावलीतल्या नियम १७ मध्ये स्पष्ट आहे. अहवाल नसेल तर दवाखान्यानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) पाठवायचा. तपासणी अहवालाची प्रतही तिला मोफत द्यायची.

राहिली केसची भीती. त्याच कायद्याचं कलम ४ म्हणतं, सद्‌भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो तो एकाच प्रश्नाला : तिला मारहाणीबद्दल विचारायचं कसं? सासू बाहेर थांबलेली असताना, एकटीला, हळू आवाजात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ या हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या मदत केंद्राने हे काम रुग्णालयातच शक्य असल्याचं दाखवलं आहे. तो निरोप कृपया पुढे पाठवू नका.