घाम न येणारी सायकल

डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. बायको म्हणाली, "चांदणी चौकाचा चढ चढून ऑफिसात जाणार आणि दिवसभर घामाच्या वासात बसणार?" दोघांचंही मन राखायला मी जुन्या सायकलला मोटर बसवायचं ठरवलं.

मागवलेल्या किटमध्ये ३६ व्होल्टची बॅटरी, मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर आणि २५० वॉटची मोटर पोटात घेतलेलं मागचं चाक होतं. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहिलं की ना लायसन्स, ना पासिंग, हे मी सोसायटीत इतक्या जणांना ऐकवलं, की जोडणीला लागणं भागच पडलं.

व्हिडिओतल्या मुलाने वीस मिनिटांत काम उरकलं होतं. माझा पहिला रविवार चिमटा फाकवण्यात गेला, कारण मोटरचं चाक त्यात मावेना. दुसरा तारांत. मोटरच्या तीन जाड तारा : पिवळी, हिरवी, निळी. कंट्रोलरच्या तारांशी रंगाला रंग जोडला, तर मोटर जागच्या जागी थरथरून गुरगुरली. दोन तारा आलटून पालटून पाहिल्या. आता आतून छान घरघर येई, पण चाक ढिम्म! मोटर उलटी फिरत होती आणि उलट्या दिशेला आतला क्लच चाकाला धरतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

"आतून नुसता आवाज, काम शून्य," बायको म्हणाली. "अगदी तुमच्यावर गेलीये."

मी आईकडे दाद मागितली. म्हटलं, सोपं नसतं गं हे. ऑग्डन बोल्टन नावाच्या अमेरिकनाने १८९५ साली मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं होतं. आई म्हणाली, "म्हणजे सव्वाशे वर्षं झाली की रे. आणि तुझी अजून चालू नाही?"

तीन तारा सहाच प्रकारे जोडता येतात. माझी सहाव्या प्रकाराला चालली.

सपाटीवरचं सुख काय सांगू! कर्वे रस्त्यावर मी राजासारखा ताठ बसून निघालो. पंचविसाला मोटर आपली आपण थांबते, त्यामुळे दप्तर लावलेला एक शाळकरी पोरगा साध्या सायकलवरून मला मागे टाकून गेला, ते सोडा. चांदणी चौकाच्या चढाला बॅटरीच्या चार दिव्यांचा एकच उरला. जीव गोळा करून पॅडल मारले. जरा सपाटी येताच दिवे पुन्हा तीन! भार उतरला की व्होल्टेज सावरतं म्हणे. माझं नाही सावरलं.

आणि तिथेच मागचं चाक बसलं.

पंक्चरवाल्याने आसातून निघालेली जाड वायर पाहून हात मागे घेतला. "साहेब, शॉक बसतो का?" मी नाही म्हटल्यावर त्याने चाक न काढताच ट्यूब बाहेर ओढली, पाण्यात बुडवून बुडबुडे हेरले, पॅच मारला. दहा मिनिटं. मग म्हणाला, "एक चक्कर मारू?"

तो गेला. तेवढ्यात एक स्कूटरवाला हवा भरायला आला. लाईट गेलेली, कॉम्प्रेसर बंद. "अहो, बघताय काय? भरा की!" तो माझ्यावर खेकसला. मी हातपंप घेतला आणि दोन्ही चाकं भरून दिली. शर्ट पिळता आला असता.

त्याने दहा रुपये दिले. ते मी ठेवून घेतले.