गार्ड नाही म्हणून

परवा फोनमधले जुने मेसेज पुसताना आमच्या चाळीच्या ग्रुपवरचं मे २०२० मधलं भांडण सापडलं. चाळ सातरस्त्याला, आर्थर रोड तुरुंगापासून पाच मिनिटांवर. तिथे एका दिवसात ७७ कैदी आणि २६ कर्मचारी पॉझिटिव्ह निघाले होते. नानांनी लिहिलं होतं, "आमच्या माणसाला खाट मिळेना, आणि चोरांना डॉक्टर?"

नानांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या मेहुण्याला दोन दिवस खाट मिळाली नव्हती. पण जेमतेम आठशेंच्या जागेत अडीच हजारांवर माणसं, त्यातही बरेच कच्चे कैदी, खटला अजून चालायचाय असे. तिथे कोण कोणापासून सहा फूट लांब राहणार? आणि शिपाई ड्यूटी संपवून भाजी घेणार आमच्याच गल्लीत.

मी बर्मिंगहॅमहून "इकडे बघा" असं लिहिणार होतो. इंग्लंडात तुरुंगातल्या आरोग्याची जबाबदारी २००६ पासून एनएचएसकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडे आहे. डॉक्टरला जेलरच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि ते मला अजूनही मोलाचं वाटतं. पण त्याच महामारीत इथले कैदी दिवसाचे तेवीस-तेवीस तास कोठडीत होते. चार हजारांपर्यंत कैद्यांना मुदतीआधी सोडणार म्हणाले, सुटले तीनशेच्या आसपास. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २३ मार्चला आदेश दिला आणि महाराष्ट्राच्या उच्चाधिकार समितीने हजारोंना तात्पुरतं सोडलं. हे ग्रुपवर कुणीच लिहिलं नाही. मीही नाही.

खरी मेख गार्डची. मुंबईत कैद्याला मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड हवा. पोलीस बंदोबस्तात अडकले की डॉक्टरची तारीख हुकते. इंग्लंडही यात फार पुढे नाही. २०१७-१८ मध्ये इथल्या कैद्यांच्या रुग्णालयातल्या दर दहा भेटींपैकी चार हुकल्या. सोबत न्यायला माणूस नसणं हे त्यातलं एक मोठं कारण. तळोजा तुरुंगात पार्किन्सनने हात थरथरणाऱ्या फादर स्टॅन स्वामींना, आदिवासींसाठी काम करणाऱ्या पाद्रींना, स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ला वांद्र्याच्या रुग्णालयात ते वारले, वय ८४, तोवरही कच्चे कैदीच.

रविवारी नानांना फोन केला. १९८२च्या गिरणी संपात तेही चौदा दिवस आत होते. कुठल्या तुरुंगात, ते सांगत नाहीत. गार्डचं बोललो तेव्हा बराच वेळ गप्प होते.

"तेव्हाही नसायचा रे," म्हणाले, आणि फोन काकूंकडे दिला.