मांडीवर न बसणारं लेकरू

लॅपटॉप या शब्दात मांडी दडलेली आहे, हे मला तो मांडीवर घेईपर्यंत सुचलं नव्हतं. घेतला, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला, आणि दुसऱ्या फेरीच्या वळणावर माझी गाडी कठड्यात नि मी पलंगावरून खाली. कपड्यातून आरपार चटका! दिव्याखाली पाहिलं, तर मांडीवर काटकोनात आखल्यासारखी लाली.

मग माहितीपुस्तिका वाचली. (ती चटका बसल्यावरच वाचायची असते.) त्यात लिहिलं होतं की यंत्र चालू असताना फार वेळ अंगाला लागू देऊ नये. पुस्तिकाभर त्याचा उल्लेख 'नोटबुक' असाच होता. मांडीचं नाव काढायचं नाही, अशी वकिलाने तंबी दिली असावी. शेगडीला चिकटून तासन्‌तास बसणाऱ्यांच्या कातडीवर जाळीदार डाग उठतात, त्याला डॉक्टर लोक 'एरिथेमा अॅब इग्ने' म्हणतात. हेच डाग मांडीवर लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांनाही झाल्याच्या नोंदी आहेत. माझ्यावर तेवढी वेळ आली नाही, पण लॅटिन नावाच्या आजाराच्या इतक्या जवळ मी याआधी कधी गेलो नव्हतो.

हे लेकरू घरात आलं ते भाच्यामुळे. टेबलाखाली माझा जुना डबा होता, म्हणजे रीतसर डेस्कटॉप. तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. भाचा म्हणाला, "मामा, डबा काढ आता. डेस्कटॉपच्या जागी चालतील असे लॅपटॉप आलेत. सगळं एकात, आणि उचलून कुठेही ने." मग त्याने 18 इंच, 240 हर्ट्झ, 175 वॅट असे आकडे धडाधड टाकले. मला त्यातला फक्त वजनाचा आकडा कळला: सव्वातीन किलो. म्हटलं, नुकतं जन्मलेलं बाळ एवढंच असतं, ते आपण उचलतोच की. पण त्या आकड्यात चार्जर धरलेला नव्हता. बाळ सव्वातीन किलोचं, आणि नाळेच्या टोकाला बांधलेली वीट वर किलोभराची.

वीट हा शब्द मी अतिशयोक्ती म्हणून वापरत नाहीये. 330 वॅटची ती वस्तू आहे. आता यूएसबी-सी सगळीकडे झालंय, मग हीच का वेगळी, असं मी भाच्याला विचारलं. त्याने समजावलं की यूएसबी-सीवरून वीज देण्याचं मानक 2021 मध्ये वाढलं तेही 240 वॅटपर्यंत. आमच्या चिरंजीवांची भूक त्याच्या पुढची. शेजाऱ्याचा 100 वॅटचा चार्जर लावून पाहिला, तर खेळ चालू असताना प्लग भिंतीत असूनही बॅटरी उतरतच गेली. नळ थेंबथेंब आणि मोरी मात्र उघडी, अशातली गत.

बॅटरीची गोष्ट तर त्याहून मजेची. तिच्यावर 99 वॅट-अवर असं छापलंय, म्हणजे 99 वॅट तासभर पुरवेल एवढी वीज. शंभर का नाही? कारण विमानात प्रवाशाला विनापरवानगी नेता येते ती बॅटरी 100 वॅट-अवरपर्यंतचीच. म्हणून भलेभले उंबरठ्याला पाय न लावता अलीकडे थांबतात. पण यंत्र जोमात आलं की अडीचशे वॅट सहज ओढतं. 99 भागिले 250, हा हिशेब मी पाठकोऱ्या कागदावर केला: चोवीस मिनिटं. तीही कागदावरच, कारण बॅटरीला एका दमात एवढी वीज देणं झेपत नाही. म्हणून प्लग काढल्याक्षणी यंत्र आपली ताकद आपणच कमी करून घेतं. लाल लंगोट कसून आखाड्यात उतरलेला पहिलवान, प्लग निघाला की मटकन खाली बसतो.

खेळातली चित्रं पडद्यावर रंगवणाऱ्या आतल्या ग्राफिक्स कार्डाचं म्हणाल तर नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. डेस्कटॉपमध्ये 450 वॅट खाणारं कार्ड आणि लॅपटॉपमध्ये 175 वॅटवर भागवणारं कार्ड, दोघांचा मॉडेल क्रमांक एकच, असंही घडलेलं आहे. आत चिपसुद्धा वेगळी, धाकटी. नावावर फक्त 'लॅपटॉप' एवढं बारीक शेपूट.

मी इंजिनिअर लोकांना दोष देत नाही. अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या अंगात त्यांनी एवढं कोंबलं, तेच पुष्कळ. आत गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडणार, तिथे कुणाचा वशिला चालत नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला आपणच हळू होतो. त्याला हळू होऊ द्यायचं नसेल तर पंखे जोरात फिरवा. पंखे जोरात नको असतील तर मोठे लावा. मोठे लावायचे तर जाडी वाढवा. जाडी वाढली की वजन वाढलं. तडजोड म्हणतात ती हीच. फक्त माझी समजूत अशी होती की तडजोड दोन पक्षांमध्ये होते. इथे ताकद आणि आकार यांनी आपसात मिटवून घेतलं आणि हमाली तिसऱ्याच्या खांद्यावर टाकली.

त्या पंख्यांनी माझी जी अब्रू काढली, ती सांगायलाच हवी. कामाची व्हिडिओ बैठक चालू होती. मागे एक खेळ अपडेट होत राहिला होता, ते माझ्या गावीही नव्हतं. पंख्यांनी हळूहळू सूर चढवला. चपट्या यंत्रातले चपटे पंखे, त्यांचा आवाज घों घों नसतो, किणकिणत वर चढत जाणारा असतो. साहेब म्हणाल्या, "कुणाकडे तरी व्हॅक्यूम क्लीनर चालू आहे. प्लीज, एकेकाने म्यूट करा." एकेक जण म्यूट होत गेला, आवाज तसाच. मीही मान हलवत, कोण हा निष्काळजी माणूस, असा चेहरा करून होतो. शेवटी राहिलो मी. म्यूटचं बटण दाबलं आणि बैठकीत अशी शांतता पसरली की काही विचारू नका. नंतर आवाज गाळणारी सोय चालू केली, तर तिने पंख्याबरोबर मलाही गाळलं. पुढची पंधरा मिनिटं माझे फक्त ओठ हलत होते. त्याच वेळी आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, ते विमान उतरव ना आता!" तो मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

'सायलेंट' नावाचा मोड आहे. त्यात यंत्र गप्प बसतं आणि खेळातली माणसंही जागच्या जागी गप्प बसतात.

आणखी एक गंमत उजव्या बाजूची. तिथे गरम हवेची खिडकी आहे आणि नेमका माझा माउसवाला हात तिथेच. डावी बोटं खेळ चालवायच्या डब्ल्यू-ए-एस-डी या कळांवर गारेगार आणि उजव्या मनगटावर वैशाख. शिवाय कीबोर्डाला उजवीकडे आकड्यांचा पट्टा जोडल्यामुळे टाइप करायची जागा डावीकडे सरकलीय, म्हणून पडद्याच्या मधोमध बघायला मी सदैव किंचित तिरका बसतो. बायको म्हणते, मी पलीकडे कुणाचं तरी बोलणं चोरून ऐकतोय असं वाटतं.

तर, 'उचलून कुठेही ने'. एकदा नेला. माझ्याकडची पाठीवरची बॅग 15.6 इंची लॅपटॉपची, त्यामुळे चेन अर्ध्यावर अडली आणि चिरंजीव मुंडकं बाहेर काढून माझ्या पाठीवरून जग बघत निघाले. वीट वेगळ्या पिशवीत. पोचल्यावर सगळे जण बोलायला बसले आणि मी भिंतीकडेने वाकून सॉकेट शोधू लागलो. सापडलं ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटामागे. वायर तिथून टेबलापर्यंत पोचेना, म्हणून टेबल सोडून मीच कपाटापाशी जाऊन बसलो. तिथून मला कुणी दिसत नव्हतं. त्यांना मी ऐकू मात्र जात असणार.

अर्थात, परंपरा मोठी आहे. 1981 सालचा ऑस्बोर्न 1 सुटकेससारखा उचलून नेता यायचा: वजन अकरा किलोच्या आसपास, पडदा पाच इंची, आणि बॅटरी नाहीच. 2017 मध्ये एसरने प्रिडेटर 21 एक्स काढला, त्याला 21 इंची वक्र पडदा, आठ किलोंहून जास्त वजन आणि चार्जर दोन. दोन विटा! हे वाचल्यापासून मी माझ्या एका विटेकडे जरा मायेने बघतो.

आता हे लेकरू टेबलावर कायमचं मुक्कामाला आहे. खाली उचलून धरणारा स्टँड, बाजूला वेगळा कीबोर्ड, वेगळा माउस, कानांवर हेडफोन, आणि सतत प्लगमध्ये राहून बॅटरी म्हातारी होऊ नये म्हणून तिला ऐंशी टक्क्यांवर रोखून धरलेलं. भाचा परवा आला, हे सगळं पाहून म्हणाला, "मामा, तुझा डबा बरा होता की रे." मी काही बोललो नाही. नात्यातला आहे.

थंडी पडली त्या दिवशीची गोष्ट. मी पुस्तक वाचत होतो, यंत्र बंद होतं. आई शाल गुंडाळून आली, खुर्ची ओढून बरोब्बर टेबलाच्या उजव्या बाजूला बसली आणि दोन्ही तळवे त्या खिडकीसमोर धरले. थोडा वेळ वाट पाहिली.

"अरे," ती म्हणाली, "ते तुझं विमान उडव ना जरा. हात गारठलेत."