बॉम जिझसच्या भिंतींना गिलावा परत द्यावा

जुन्या गोव्यातील बॉम जिझस बासिलिकेच्या बाहेरच्या भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा करावा, की जांभा आज आहे तसा उघडाच ठेवावा, हा वाद गोव्यात बरीच वर्षे चालू आहे. 2020 मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनी, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी, छप्पर आणि भिंती यांच्या अवस्थेबद्दल जाहीर चिंता व्यक्त केल्यापासून त्याला अधिक धार आली. गिलावा हवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की, उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. विरोधकांच्या मते, लालसर उघड्या दगडाची हीच इमारत लोकांच्या मनात ठसलेली आहे आणि 1986 साली जागतिक वारशाच्या यादीत ती याच रूपात गेली. गिलावा परत यावा, असे माझे स्पष्ट मत आहे आणि जर्मनीतील म्युनिकमध्ये राहून इथली बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांतील अलंकारप्रधान युरोपीय शैलीची, चर्चे पाहत आल्यामुळे ते अधिक पक्के झाले आहे.

या दोन शहरांचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. म्युनिकच्या ओडिऑन चौकातील पिवळ्या दर्शनी भागाचे थिआटिनरकिर्शे आणि जुन्या गोव्यातील सेंट कायतान चर्च, ही दोन्ही थिआटिन या एकाच इटालियन संप्रदायाची आणि एकाच संताच्या नावाची चर्चे आहेत. गोव्याचे चर्च 1661 च्या सुमारास पूर्ण झाले, तर म्युनिकच्या चर्चचे काम 1663 मध्ये सुरू झाले. दोन्हींनी आदर्श रोममधूनच घेतला; गोव्याने सेंट पीटर्सचा आणि म्युनिकने सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चचा. मात्र रोमचा दगड दोघांनाही परवडणारा किंवा मिळणारा नव्हता. म्हणून गोव्यात जांभ्याच्या आणि म्युनिकमध्ये विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडे त्यांवर गिलावा चढला. थिआटिनरकिर्शेच्या आत गेल्यावर कमानी, खांबांचे माथे, घुमटाखालचे देवदूत आणि फुलापानांच्या माळा असे जे जे डोळ्यांना भावते, ते जवळजवळ सगळे पांढऱ्या गचकामाचे आहे. ते खरवडून खालच्या ‘खऱ्या’ विटा दाखवाव्यात, अशी मागणी इथे कोणी केल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

म्युनिक ज्याची राजधानी आहे त्या बव्हेरिया प्रांतातील कारागिरांचा साहित्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन समजून घ्यायचा, तर कृत्रिम संगमरवराचे तंत्र जवळून पाहावे. जिप्समची पूड, प्राण्यांच्या कातड्याहाडांपासून केलेला सरस आणि रंग एकत्र मळून वेगवेगळ्या छटांचे गोळे करायचे, ते एकमेकांत दाबून त्यांचे काप काढायचे, ते काप खांबाच्या पृष्ठभागावर बसवायचे आणि वाळल्यावर दगडांनी घासायचे. घासताना उघडी पडणारी बारीक छिद्रे पुन्हा त्याच मिश्रणाने भरून पुन्हा घासायचे, असे अनेकदा केल्यावर शेवटी तेल किंवा मेण लावून चकाकी आणायची. नजर त्यात खऱ्या संगमरवरापासूनचा फरक ओळखू शकत नाही. हात मात्र ओळखतो, कारण खरा संगमरवर थंडगार लागतो आणि हा तेवढा लागत नाही. एवढे कष्ट घेतल्यावर हे काम खऱ्या दगडापेक्षा स्वस्त पडेच असे नव्हते. ते निवडले जाई ते मुख्यतः रंगासाठी, कारण कोणत्याही खाणीत न मिळणारा गुलाबी किंवा निळसर हिरवा संगमरवर कारागीर स्वतः घडवू शकत होता. वीसकिर्शे या जगप्रसिद्ध यात्रास्थानी तर छतही दगडी नाही. लाकडाच्या सांगाड्यावर गिलावा करून त्यावर आकाश रंगवलेले आहे. त्या छताला कोणी खोटे म्हणत नाही.

म्युनिकमधलेच आझाम या चित्रकार-शिल्पकार बंधूंचे छोटे चर्च (1733 ते 1746) मला या वादात फार महत्त्वाचे वाटते. जेमतेम 8 मीटर रुंदीच्या त्या जागेत सोने, गचकाम, चित्र आणि लपवलेल्या खिडक्यांतून येणारा उजेड यांची इतकी दाटी आहे की रिकामी भिंत शोधावी लागते. त्याच्या दर्शनी भागाच्या पायथ्याशी मात्र न घडवलेले, ओबडधोबड खडक मुद्दाम मांडलेले आहेत. उघडा दगड बरोकला वर्ज्य नव्हता. तो कुठे दिसावा, हे बांधणारा ठरवत असे.

बॉम जिझसच्या बाबतीतही हे ठरलेले होते. 1594 ते 1605 या काळात उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या दर्शनी भागावर दोन प्रकारचे दगड आहेत. भिंतीचा भराव स्थानिक जांभ्याचा आहे, तर खांब, पट्ट्या आणि नक्षी वसईकडून आणलेल्या घट्ट, घडवण्याजोग्या दगडाची आहे. इतक्या लांबून गलबतांनी आणलेला दगड जिथे वापरला तिथे तो दिसावा, म्हणूनच वापरला. आणि तो उठून दिसावा, म्हणून मधली भिंत पांढरी होती. गिलावा काढल्यावर लालसर जांभा आणि काळपट वसई दगड एकमेकांत मिसळतात आणि कारागिराने रेखलेली चौकट विरून जाते. जवळ जाऊन पाहिले तर जांभ्याचा पृष्ठभाग गांधीलमाशीच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा दिसतो. हा चेहरा जगाला दाखवण्यासाठी घडवलेला नव्हता.

गिलावा काढला गेला तो 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत. पोर्तुगालमध्ये जुन्या चर्चवरचे थर उतरवून दगड मोकळा करण्याची त्या काळी रूढ असलेली अभिरुची बाल्ताझार कास्त्रो या वास्तुविशारदाने गोव्यात आणली. म्हणजे ज्या रूपाला आज आपण मूळ समजतो, ते सत्तरेक वर्षांचे आहे आणि त्याआधीची साडेतीन शतके इमारत गिलाव्यात होती.

इथे कोणी पंढरपूरचा दाखला देईल. विठ्ठल मंदिराच्या संवर्धनात 2024 मध्ये अलीकडच्या फरश्या काढून जुने दगडी बांधकाम मोकळे करण्यात आले आणि ते योग्यच झाले. पण तिथे वरचा थर नंतरचा होता, इथे तो मूळचा होता. पेशवाईतील मंदिरांची विटा आणि चुन्यात घडवलेली शिखरे, त्यांच्या कोनाड्यांतल्या चुनेगच्चीच्या मूर्ती डोळ्यांसमोर असलेल्या मराठी माणसाला हा फरक सांगावा लागू नये. ‘मूळ दगड’ हा शब्द सरसकट लावला, तर ती शिखरेही उद्या खरवडावी लागतील.

म्युनिकमध्ये माझ्या मताच्या विरुद्ध जाणारे एक मोठे उदाहरण आहे. युद्धात बाँबने फुटलेली आल्टे पिनाकोथेक ही चित्रसंग्रहालयाची इमारत दुरुस्त करताना हान्स डोलगास्ट यांनी नव्या भागातल्या विटा साध्या आणि उघड्या ठेवल्या, म्हणजे जखम दिसत राहावी. ती भिंत मला मनापासून आवडते. पण तिचा उघडेपणा शहरावर काय ओढवले ते सांगतो. बॉम जिझसचा उघडेपणा केवळ एका पिढीची आवड सांगतो. शिवाय भट्टीत भाजलेली वीट आणि जांभा यांच्या टिकाऊपणात फरक आहे. म्युनिकला वर्षभरात 1,000 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो, तर गोव्याच्या किनारपट्टीवर सुमारे 3,000 मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. कोकणातली उघड्या जांभ्याची घरे टिकतात ती पुढे आलेल्या पाख्यांमुळे. बासिलिकेच्या उंच दर्शनी भिंतीला असे पाखे नाहीत. तिचे पाखे म्हणजे तिचा गिलावाच होता.

हा गिलावा सिमेंटचा असता कामा नये. सिमेंट जांभ्यातला ओलावा आत कोंडते आणि दगड आतून भुगा होऊ लागतो; चुना तो ओलावा बाहेर जाऊ देतो, स्वतः झिजतो आणि दगडाला वाचवतो. त्यामुळे त्याची डागडुजी आणि सफेदी नियमित करावी लागते. त्यासाठी पैसा लागतो आणि इथली तुलना तिथे लंगडी पडते, हे मान्य केले पाहिजे, कारण जर्मनीत चर्चचे नोंदणीकृत सदस्य आयकरासोबत चर्चचा कर भरतात आणि कित्येक ऐतिहासिक चर्चच्या देखभालीचा खर्च सरकारही उचलते. गोव्यात हा भार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणावर आहे. म्हणून सगळी इमारत एकदम झाकण्याआधी मागच्या एखाद्या भिंतीच्या तुकड्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा करावा, दोनतीन पावसाळे शेजारच्या उघड्या जांभ्याशी त्याची तुलना करावी आणि त्या नोंदी लोकांसमोर ठेवाव्यात. हे काम करणारे गवंडी गोव्यात आणि कोकणात अजून आहेत. त्यांना त्या तुकड्यापासूनच हाताशी धरावे.