राजवाडा बंद नाहीये हो!

22 वर्षं शाळेत भूगोल शिकवतेय. ‘बाई, वही घरी राहिली’ म्हणणाऱ्या पोराचं तोंड बघूनच मला कळतं काय ते. आणि इथे बँकॉकमध्ये रोज सकाळी कुणीतरी इस्त्रीच्या शर्टातला सद्गृहस्थ मला गाठतो. ‘मॅडम, ग्रँड पॅलेस आज बंद. पूजा चालू आहे.’

अहो, फाटक समोर दिसतंय! माणसांची रीघ आत चाललीय. 1782 पासून उभा असलेला राजवाडा नेमका मी आले की बंद होतो?

मग लगेच टुकटुक, म्हणजे इथली रिक्षा, हजर. वीस बाथमध्ये चार देवळं दाखवतो म्हणे. वीस बाथमध्ये! पेट्रोल तरी सुटतं का त्यात? देवळं राहतात बाजूला आणि आपण जाऊन बसतो शिंप्याच्या नाहीतर जवाहिऱ्याच्या दुकानात. कमिशन तिथे असतं ना. मी एकटी दिसते, हातात नकाशा, खांद्याला शबनम. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलंच.

वाट फोच्या (‘वाट’ म्हणजे इथलं बौद्ध देऊळ) दारातही तेच. 46 मीटर लांबीचे पहुडलेले बुद्ध काय आज उठून बाहेर गेलेत?

(आपल्याकडची मंडळी भेटली की वेगळाच ताप. ‘एकट्याच? मिस्टर नाही आले?’ नाही आले. त्यांना घरी झोपायचं होतं.)

काल था तिएनच्या धक्क्यावर वाट अरुणला जाणाऱ्या होडीची वाट बघत होते, तर आलाच एक. ‘मॅडम, आज वाट अरुण...’

मी चष्म्यावरून नुसतं बघितलं. गेला बिचारा मागच्या बाकावर.